माझ्या पोटातला पहारेकरी

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. पंखा घरघरतो, अंग लवकर तापतं. तरुणपणी मी पराग्वेच्या राजधानीत एका विमा कंपनीत राबलो. तिथून भंगारात निघणार, तोच संगणकांचं काम बघणाऱ्या झुनिल्डाबाईंनी मला या गावच्या डायलिसिस केंद्रात आणलं.

त्यांनी माझ्यावर लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली चढवली आणि माझ्या पोटात एक पहारेकरी वसवला. लोक त्याला फायरवॉल म्हणतात. त्याला स्वतःचा देह नाही. तो माझ्याच मेमरीवर जगतो. बाहेरचं इंटरनेट माझ्या एका पोर्टातून यायचं, तो तपासायचा, मगच ते दुसऱ्या पोर्टातून केंद्रातल्या संगणकांकडे जायचं. त्या संगणकांत प्रत्येक रुग्णाचं कोरडं वजन असे, म्हणजे अंगातलं पाणी काढताना कुठे थांबायचं तो आकडा. तो चुकला तर माणूस खुर्चीतच कोसळतो.

सुरुवातीला डॉक्टर एलिहिओ पाहुण्यांना माझी खोली कौतुकाने दाखवत. पुढे कुणी धूळही पुसेना.

एका दुपारी वादळात वीज गेली. परत आल्यावर मी उठलो, पहारेकरी उठला नाही. मी सुरू झालो की त्यालाही सुरू करायचं, ही सूचना द्यायची बाईंकडून राहून गेली होती. बाई परगावी, इंटरनेट ठप्प, डॉक्टर चिडलेले. तेव्हा नोंदणीवरच्या सेल्सोने मोडेममधून एक वायर, मला वगळून, केंद्रातले संगणक जोडणाऱ्या स्विचच्या डबीत थेट खुपसली. काम सुरू झालं. हे चालेल का, असं नर्स मिर्ताने विचारलंही.

"दोन्या झुनिल्डा येईपर्यंत ही वायर म्हणजे देव," तो म्हणाला. "कुणी हात लावू नका." दोन्या म्हणजे आदराने बाई.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पहारेकऱ्याला उठवलं, राहिलेली सूचना दिली. माझ्या दोन्ही पोर्टांचे दिवे लागलेले पाहून त्या निर्धास्त झाल्या. सेल्सो सांगणारच होता, पण तेवढ्यात तेरेरेचा, म्हणजे पाल्याच्या गार पेयाचा, एकच पेला सगळ्यांत फिरू लागला आणि फेरीत कामाचं बोलायचं नाही, हा इथला रिवाज. फेरी संपली, वायर राहिली.

पहारेकरी जागा होता. त्याच्या समोरून मात्र कुणीच जात नव्हतं. मला कळत होतं. पण मी घरघरण्यापलीकडे काय करणार?

एके दिवशी त्याच वायरीवरून व्हायरस आला आणि सगळी वजनं कुलूपबंद झाली. मिर्ताने जुन्या प्रतीतले आकडे धरले. मधल्या काळात एउसेबिया आजी या रुग्णाच्या अंगावर मांस चढलं होतं, कोरडं वजन वाढलं होतं. जुन्या आकड्याने पाणी जास्त निघालं, रक्तदाब कोसळला. बऱ्याच धावपळीनंतर त्यांनी डोळे उघडले.

"पोरी, विहीर आटवलीस की गं माझी," त्या पुटपुटल्या. मिर्ता भिंतीकडे तोंड करून रडली.

झुनिल्डाबाईंनी एकेक वायर हाताने चाचपली.

"ही कुणाची?"

"माझी. त्याच दिवशी सांगणार होतो, दोन्या. पेला माझ्या हातात होता."

"मग खाली ठेवायचा होतास."

त्यांनी वायर उपटली.

मित्रांनो, मी थकलोय. माझ्या जागी नवा येईल, त्याचं दुःख नाही. त्याची धूळ पुसा. घाईत काही जोडलंत, तर त्याच दिवशी सांगा. राखणाऱ्याला नुसतं जागं ठेवून भागत नाही. वाटही त्याच्या समोरूनच जाऊ द्या.