बाळ झोपलंय तोवर

ठकीची दुपारची झोप चाळीस मिनिटांची. पन्नास झाली तर चैन, पंचवीसच झाली तर त्या दिवशीचा लेख अर्धा. ब्लॉगचं नाव मी ‘बाळ झोपलंय तोवर’ ठेवलं, त्यात माझी हुशारी काही नव्हती. होतं तेच नाव दिलं.

लिहायची जागा म्हणजे स्वयंपाकघरातलं शिलाई मशीन. झाकण बंद केलं की टेबल. लॅपटॉप नवऱ्याच्या कंपनीनं मोडीत काढलेला, वायर निसटली की जागच्या जागी डोळे मिटणारा. ठकी आतल्या खोलीत पालथी झोपलेली, एक गाल चादरीवर चेपलेला. दार बोटभर उघडं ठेवायचं, मिक्सर लावायचा नाही, कुकर लावायचा नाही, शिंक आली तर पदरात घ्यायची.

लिहायचे ते तिच्याबद्दलच. दात येताना तिनं माझा खांदा कसा चावून काढला. ताप नसताना ती गरम का लागते. उकडलेलं गाजर तिनं स्वतः खायच्या आधी भिंतीला, मग आजीच्या चष्म्याला कसं भरवलं. त्या लेखांच्या मधेमधे जाहिराती दिसायच्या, लंगोटांच्या, विम्याच्या, कसल्या कसल्या. वाचणाऱ्याला जाहिरात आवडली आणि त्यानं तिच्यावर बोट ठेवलं, की जाहिरात कंपनी माझ्या नावावर चिमूटभर पैसे टाकायची. चिमूट साठत साठत शंभर डॉलरचा आकडा झाला की ते बँकेत येणार. तोवर नुसते दिसणार, काचेच्या कपाटातल्या मिठाईसारखे.

तो शंभराचा आकडा माझ्यासाठी फार मोठा होता, कारण त्यावर ठकी अवलंबून होती.

ती होण्याआधी मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायचे. लॅबच्या मॅडमनी माझी जागा धरून ठेवली होती. “दहा महिने थांबले मी,” त्या म्हणाल्या होत्या, “आता महिनाअखेर हो किंवा नाही सांग.” नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, त्याच्या एकट्याच्या पगारात महिना जेमतेम चोविसाव्या दिवसापर्यंत येऊन अडकतो. तेव्हा आम्ही असं ठरवलं, की महिनाअखेरीपर्यंत ब्लॉगनं शंभर गाठले तर मी घरी राहायचं, ठकी दोन वर्षांची होईपर्यंत. नाही गाठले तर मी लॅबमध्ये, ठकी तळमजल्यावरच्या पाळणाघरात. एक खोली, अकरा मुलं, एक बाई आणि दिवसभर चालू टीव्ही. सासूबाई घरी असतात, पण त्यांचे गुडघे गेलेले. ठकी सरपटत दाराशी पोचली, तर त्या खुर्चीतून उठेपर्यंत ती जिन्यावर असेल.

“होतील गं शंभर,” नवरा म्हणायचा. “आणि नाही झाले तरी काय, आमच्या धंद्यात अडकलेलं माणूस बाहेर निघतंच.”

“किती वेळानं?”

“ते कुठल्या मजल्यावर अडकलंय त्यावर अवलंबून.”

आठ महिन्यांत एक्केचाळीस झाले होते.

लिहिणं सोपं होतं, वाचायला माणसं आणणं महाकठीण. प्रमोशन शिकवणाऱ्या एका सरांचा कोर्स मी केला होता. सर व्हिडिओत कायम उभे असायचे आणि “मित्रांनो, वाचक येत नाही, आणावा लागतो” असं दर पाच मिनिटांनी म्हणायचे. त्यांच्या सांगण्यावरून मी सत्तर वेबसाइटवर माझ्या ब्लॉगची लिंक टाकली. एक टायरविक्रीची होती. शिवाय लिहिणाऱ्या बायकांचा एक ग्रुप होता. तिथला नियम एकच, तू माझ्या दारी ये, मी तुझ्या दारी येते. मी त्यांच्या लेखांखाली “छान लिहिता ताई, माझ्याही ब्लॉगला भेट द्या” लिहायचे, त्या माझ्या लेखांखाली तेच लिहायच्या. आम्ही सगळ्या एकमेकींच्या अंगणात रांगोळी काढत होतो, पाहुणा कुणाकडेच येत नव्हता. त्यातली एक पाककृती लिहायची, तिच्याशी जरा मैत्री झाली. मी तिला पाककृतीवालीच म्हणते, ती मला ठकीची आई.

सासूबाईंना हे सगळं बिलकूल पसंत नव्हतं.

“लेकरू झोपलं की आईनं पाठ टेकावी,” त्या पलंगावरून म्हणायच्या. “ही उठते आणि सुतारपक्ष्यासारखी टकटक करत बसते.”

“आई, हळू. उठेल ती.”

“मी हळूच बोलते. तुझीच टकटक मोठी. आणि काय गं, लेकराच्या शी-शूच्या गोष्टी जगाला सांगून कुणी पैसे देतं होय?”

“देतात आई. थोडे.”

“आम्हीपण चार पोरं वाढवली. फुकटच वाढवली म्हणायची!”

आणि मग त्या महिन्याच्या सुरुवातीला आकडा हलला. एक्केचाळीसचे सत्तेचाळीस. चार दिवसांनी छप्पन्न. मी डोळे चोळले. वाचक फारसे वाढले नव्हते, पण जाहिरातींवर बोटं पडत होती. मला वाटलं, सत्तर लिंका फळल्या. टायरवाल्यांच्या घरीही लेकरं असतातच की. वीस तारखेला एक्क्याऐंशी झाले. पंचवीसला त्र्याण्णव. त्या दुपारी ठकी एक तास दहा मिनिटं झोपली आणि मी एक अक्षर लिहिलं नाही. तिच्याजवळ जाऊन आडवी झाले आणि तिच्या डोक्याचा वास घेत राहिले. घामाचा, दुधाचा, थोडा तेलाचा. हा वास आता दोन वर्षांपर्यंत माझा.

अठ्ठावीस तारखेला मी लॅबच्या मॅडमना फोन केला. शंभराला तीनच कमी होते.

“येत नाही म्हणतेस? नीट विचार केलास ना?”

“हो मॅडम.”

“मग मी त्या दुसऱ्या मुलीला उद्यापासून घेते. नंतर मला फोन करू नकोस हं.” रागावून नाही म्हणाल्या, पण म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा मेल आला. ठकीला मांडीवर घेऊन एका हातानं उघडला. पहिल्यांदा वाटलं पैशांचाच असेल. तुमच्या पानावरील जाहिरातींवर अवैध क्लिक आढळल्या आहेत, तुमचे खाते बंद करण्यात येत आहे, जमा रक्कम जाहिरातदारांना परत केली जाईल. एकदाच अपील करता येईल. ठकी लॅपटॉपच्या पडद्यावर पंजा मारत होती, मी तिचा पंजा धरून ठेवला आणि तेच चार वेळा वाचलं.

पाककृतीवालीला फोन केला.

“घरातलं कुणी दाबत होतं का जाहिराती?” तिनं पहिलाच प्रश्न विचारला. “आपली माणसं दाबतात गं, प्रेमानं. कंपनीला ती चोरी वाटते. खरं गिऱ्हाईक एकदा दाबतं, आपलं माणूस रोज दाबतं. माझं पहिलं खातं माझ्या भावानं असंच बुडवलं.”

“आमच्याकडे कोण दाबणार? नवरा दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात. आणि सासूबाईंना तर माझं लिहिणं डोळ्यांसमोर नको.”

“मग कुणी दुष्टावा केला असेल.”

मी दिवसभर दुष्टावा कोण करेल त्याचा विचार केला. ग्रुपमधल्या दोघींवर संशयही घेतला. एकीला तर मनातल्या मनात नको ते बोलून झालं.

संध्याकाळी सासूबाई हातात फोन घेऊन स्वयंपाकघरात आल्या. हात लांब करून, चष्मा कपाळावर.

“अगं, माझा फोन बिघडला का बघ जरा. तुझ्या त्या लेखांत आज जाहिराती दिसेनात.”

मी गॅस बंद केला.

“तुम्ही वाचता, आई?”

“न वाचायला काय झालं? गाजराचं तर दोनदा वाचलं. माझ्या टोमण्यांबद्दल लिहिलंयस तेही वाचलं. खरं आहे ते, मी काही म्हणाले नाही.” त्या स्टुलावर टेकल्या आणि गुडघा चोळायला लागल्या. “पण जाहिराती कुठे गेल्या?”

“जाहिरातींचं काय करता तुम्ही?”

“दाबते!” त्यांचा चेहरा उजळला. इतके दिवस पोटात ठेवलेलं एकदाचं बाहेर आलं. “तुझ्या नवऱ्यानंच सांगितलं, आई, जाहिरातीवर बोट ठेवलं की तिला पैसे मिळतात. म्हटलं, एवढंच ना? मग रोज सकाळी दात घासले की आधी तेच काम. दहा-बारा वेळा. ह्या बोटानं थकले की त्या बोटानं.”

“रोज?”

“खाडा नाही. आणि गुडघे शेकायला दवाखान्यात जाते ना मी, तिथं बाकावर सात-आठ जणी असतात. सगळ्यांना लावलं कामाला. म्हटलं, नुसत्या बसता त्यापेक्षा दाबा जरा, माझी नात आईजवळ राहील. ती एक जाडी बाई आहे, तिनं तर तिच्या सुनेच्या फोनवरूनही दाबलं.” त्या थांबल्या. “तुला सांगणारच नव्हते. शंभर झाले की सांगणार होते.”

मी ओट्याला टेकून उभी राहिले. आतून ठकीनं काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि मी तिकडे पळाले. तिनं डबा पाडला होता, बाकी काही नाही. मी तिला उचलून घेतलं आणि जरा जास्त वेळ आतच थांबले.

नवरा आल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो बूट न काढता दारातच बसला.

“मी आपलं गमतीत म्हणालो होतो तिला. एकदाच.”

“हो.”

“आईला सांगितलंस, की ह्यामुळेच बंद झालं?”

“नाही.”

“मी सांगू?”

“तू एकदा सांगितलंस तेवढं पुरे झालं.”

त्यानं एक बूट काढला. मग म्हणाला, “अपील कर ना. खरं काय ते लिही. माणसंच असतील ना तिकडे वाचायला.”

दुसऱ्या दुपारी ठकी झोपल्यावर मी अपील लिहिलं. खरंच लिहिलं. माझ्या सासूबाईंना नियम माहीत नव्हता, त्यांनी नातीसाठी केलं, त्या पुन्हा करणार नाहीत. खूप वेळ लागला. इतके महिने लिहिलेल्या सगळ्या लेखांत तोच एक असेल, जो मी खोडून खोडून लिहिला. बाकावरच्या बायकांचं लिहावं की नाही तेच ठरेना. शेवटी तेही लिहिलं.

तीन दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. आपल्या माहितीबद्दल आभार, निर्णयात बदल होणार नाही. पाककृतीवाली म्हणाली, “वेडी आहेस का? घरच्यांनी केलं असं कुणी कबूल करतं? मला काहीच माहीत नाही, असं लिहायचं असतं.”

मॅडमना परत फोन केला. नको म्हणाल्या होत्या तरी केला. टाइपिंगची जागा गेली होती. “पहाटेचं काउंटर रिकामं आहे,” त्या म्हणाल्या. “उपाशीपोटी रक्त द्यायला सहापासून लोक येतात. सहा ते दोन. पगार पहिल्यापेक्षा कमी, तेवढं बघ.” बघण्यासारखं काही नव्हतं. पाळणाघर आठला उघडतं. सकाळी ठकीचं उठणं, तोंड धुणं, दूध नवऱ्यानं करायचं आणि तिला खाली सोडून कामावर जायचं.

आदल्या संध्याकाळी मी ठकीची पिशवी भरत होते. दोन झबली, लंगोट, दुधाचा डबा, डब्यावर नावाची चिठ्ठी. सासूबाई पलंगावरून बघत होत्या. बराच वेळ त्यांनी एकही टोमणा मारला नाही, त्यानंच मला धास्ती वाटायला लागली.

“एक विचारू?” त्या म्हणाल्या. “मधे तीन दिवस मी शेकायला गेले नव्हते. सर्दी होती. घरीही विसरले दाबायला. तेव्हाच कमी पडलं का गं?”

मी झबल्याची घडी उलगडली आणि परत घातली.

“नाही आई. ती कंपनीच बंद पडली.”

“बंद पडली? सगळ्यांचीच?”

“सगळ्यांचीच.”

“मेले बुडवे!” त्या एकदम सरळ बसल्या. “गरिबांच्या पोरीबाळींचं खाऊन बसले. तरी मी त्या जाडीला म्हणत होते, फोनमधल्या माणसांचा काय भरवसा.” मग आवाज खाली आला. “म्हणजे माझं काही चुकलं नाही ना?”

“नाही आई.”

“बाकावर सगळ्या विचारतील. त्यांना सांगते. बायका फार मन लावून दाबत होत्या.”

सकाळी साडेपाचला मी निघाले. ठकीनं झोपेत माझ्या गाऊनची बाही मुठीत धरली होती. मूठ उघडायला गेले तर ती आणखी घट्ट झाली, म्हणून मी गाऊनच अंगातून काढून तिच्याजवळ ठेवला आणि अंधारात चाचपत दुसरे कपडे घातले. सासूबाई जाग्या होत्या. त्यांच्या खोलीत फोनचा उजेड दिसत होता.

काउंटरवर रांग होती. उपाशी माणसं लवकर चिडतात. नाव विचारायचं, वय विचारायचं, नळीवर चिठ्ठी चिकटवायची, पुढे सरकवायची. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “बाई, जरा हात चालवा, चहावाचून डोकं फुटतंय.” मी हात चालवला. आठ वाजले, सव्वाआठ झाले. दूध पाझरून कुडता पुढून ओला झाला होता, वर ओढणी सरकवून घेतली.

साडेआठला नवऱ्याचा मेसेज आला. “सोडलं. अजिबात रडली नाही.”

मी तो मेसेज दोनदा वाचला. समोर पुढची बाई बाही वर करून उभी होती.

“बरं झालं,” असं मी लिहून पाठवलं, आणि तिला नाव विचारलं.