हजेरीतलं पाचवं नाव

प्रवीणने ग्रुपवर व्हिडिओ टाकला तेव्हा मी ताटात तांदूळ घेऊन निवडत बसले होते. फोन वाजला म्हणून चष्मा लावून पाहिलं. पिवळ्या पातळातली एक बाई, तिच्यामागे बर्फाच्या डोंगरांचा पडदा, मांडीवर लांबट रजिस्टर. ती मीच. सत्तावीस वर्षांपूर्वीची.

पडदा लग्नाच्या शूटिंगचा होता. प्रवीणचे वडील गुणवंतराव आमच्या मूल गावात केबल चालवत आणि लग्नांचं शूटिंगही करत. घराघरांत टीव्ही आले होते, पण तीन-चार वर्षांच्या लेकरांनी पाहावं असं त्यात काही नव्हतं. मी तेव्हा बालवाडी चालवत होते. एक दिवस गुणवंतराव पायरीशी उभे राहिले.

"बाई, तुमच्याकडे चाळीस पोट्टे येते. बाकीचे घरी बसून टीव्हीतली मारामारी पायते. त्यायच्यासाठी तासभर काही करा ना जी."

"मी? टीव्हीत?"

"तुमी रोज करता थेच करा. फक्त कॅमेऱ्याकडे पाहून करा."

असा आमचा 'चिवचिव' सुरू झाला. सकाळी दहा ते अकरा, फक्त मूल गावापुरता. आधी गाणं, मग गोष्ट, मग पळसाच्या पानाचं किंवा मातीचं काहीतरी करून दाखवायचं. भारनियमन आलं की कार्यक्रम नऊला सरकायचा, कधी साडेबाराला. आयांना आमच्या वेळा विजेच्या वेळांइतक्याच पाठ होत्या. गुणवंतरावांकडे सहा कॅसेटी होत्या. पहिल्या वर्षी आम्ही त्या सहा भरल्या आणि पुढची सात वर्षं त्याच उलटसुलट फिरवल्या. लेकरांना त्याचं काही नव्हतं. तीच गोष्ट परत आली की उलट ती जास्त खूश व्हायची.

शेवटी हजेरी असायची. आया केबलच्या ऑफिसात डालड्याच्या डब्यात चिठ्ठ्या टाकत, त्यातली आठ नावं मी रजिस्टरात उतरवून घेत असे. एक नाव घ्यायचं, कॅमेऱ्यात पाहायचं आणि रजिस्टराखाली बोटाच्या पेरांवर तीन मोजायचे. तेवढ्या वेळात त्या घरातलं लेकरू टीव्हीसमोर उभं राहून ओरडायचं, "हाजर बाई!"

बालवाडीत लेकरू हाजर म्हटलं की मी "हं, बस बाळा" म्हणायची आणि पुढच्या नावाकडे वळायची. टीव्हीत तसं कधी म्हटलं नाही. जे ऐकू येत नाही त्याला हं कसं म्हणणार?

एकदा बाजारातून येताना एका घरातून माझाच आवाज ऐकू आला. मी रस्त्यावर, हातात भाजीची पिशवी, आणि आत मी नाव घेत होते. मग आतलं लेकरू हाजर म्हणालं. लेकराने कोणाला उत्तर दिलं, आतल्या मला की बाहेरच्या?

प्रवीणला त्या सहातली एकच कॅसेट धड सापडली. नागपूरहून ती पेनड्राइव्हवर उतरवून आणली आणि गावाच्या ग्रुपवर टाकली. बघता बघता उत्तरं येऊ लागली. पहिलं नाव कुलदीपचं. तो आता पुण्यात नोकरीला. त्याने लिहिलं, "हाजर बाई." दिव्यानीने लिहिलं, "हाजर बाई, उशीर झाला, मारू नका." धनराज म्हणाला, "हाजर! खिचडी आहे का?" नंदिनीने नुसते हात जोडले. मी एकटीच हसत होते. तांदळात डोळ्यांतलं पाणी पडलं तरी पुसलं नाही.

मग कोणीतरी लिहिलं, "बाई, पाचव्या नावाले आवाज काऊन नाई? तोंड तर हालून राह्यलं."

मी फोन ताटात पालथा घातला.

पाचवं नाव करिष्माचं होतं. रुखमा आणि बापूराव यांची एकुलती एक, चार वर्षांची. बापूराव राईस मिलमध्ये कामाला, मिलच्या मागेच त्यांची खोली. ही पोर टीव्हीसमोर चौथ्या नावालाच उठून बसायची, फ्रॉक सारखा करायची आणि आपलं नाव आलं की छातीवर हात ठेवून हाजर म्हणायची. रुखमा मला हे बाजारात भेटली की दर वेळी नव्याने सांगायची.

अठ्ठ्याण्णव सालच्या भादव्यात पोरीला ताप आला. मेंदूत चढलेला मलेरिया. जीपने चंद्रपूरला नेली, तिसऱ्या दिवशी परत आणली ती घोंगडीत गुंडाळून.

कॅसेट मात्र फिरतच होती. कोणाच्या लक्षातच आलं नाही. गुणवंतरावांच्या नाही, माझ्याही नाही. दर आठवड्याला मी त्या पोरीचं नाव घेत होते आणि तीन मोजत होते.

तुळशीचं लग्न झालं आणि एका दुपारी बापूराव माझ्या अंगणात आला. टोपी हातात, अंगावर मिलचा भुसा तसाच.

"बाई, थे नाव काढा."

मला क्षणभर कळलं नाही. कळलं तेव्हा मी दाराची चौकट धरली.

"थे माह्याशी एक शबुद बोलत नाई," तो रुखमाचं सांगू लागला. "पोरगी गेल्यापासून कोणाशीच नाई. पण दहा वाजले का टीव्हीसमोर बसते. तुमी नाव घेता. मी मागच्या खोलीत असतो, अन् मले पोरीच्या आवाजात 'हाजर बाई' ऐकू येते. हुबेहूब पोरीचा आवाज काढते बाई ती! येडी होईन थे. मी पण होईन."

मी रुखमाला विचारायला हवं होतं. एकदा तिच्या घरी जाऊन तिच्याजवळ बसायला हवं होतं. मी तडक गुणवंतरावांकडे गेले. नवी कॅसेट भरता आली असती, पण लग्नसराई सुरू झाली होती, कॅमेरा आणि डोंगरांचा पडदा दोन्ही गोंडपिपरीला गेले होते. गुणवंतराव म्हणाले, "चित्र राहू द्या. तेवढ्या जागचा आवाज पुसून टाकतो. पुढच्या महिन्यात नवं करू." त्यांनी मशीनचं बटण दाबून धरलं आणि सोडलं. झालं. पुढचा महिना मग कधी आलाच नाही.

चार दिवसांनी रुखमा बालवाडीच्या दारात उभी राहिली. केस विंचरलेले नव्हते. लेकरं तिच्याकडे पाहून गप्प झाली. ती एक शब्द बोलली नाही. नुसतं बोट उचलून माझ्या तोंडाकडे दाखवलं.

"मशीननं आवाज खाल्ला, रुखमा," मी म्हणाले. "जुनी कॅसेट आहे."

ती वळली आणि गेली. मला वाटलं, रागाने बोलत नाही. त्यानंतर रस्त्यात भेटली की मीच बाजू बदलायची. 'चिवचिव' बंद पडला, मोठमोठ्या चॅनेलांवर लेकरांसाठी दिवसभर कार्टून आली, गुणवंतराव गेले, बापूराव गेला. मला वाटलं होतं, ही गोष्टही गेली.

व्हिडिओ आला त्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला प्रवीणची गाडी दारात थांबली. मागे रुखमा बसली होती. हातात मिटलेली छत्री. प्रवीणने हात धरून उतरवलं, तेव्हा तिने छत्रीने आधी जमीन चाचपली, मग पायरी, मग माझ्या दाराची चौकट.

"काचबिंदू," प्रवीण हळूच म्हणाला. "तीन वर्षं झाले. काकू म्हणाल्या, बाईकडे घेऊन चाल."

रुखमा बसली. पाणी प्यायली. मग माझा आवाज जिकडून आला होता तिकडे तोंड करून म्हणाली, "बाई, शेजारच्या पोरीनं मोबाइलवर लावून देल्लं. चार नावं आले. मंग काहीच नाई. मंग रोशनीचं नाव आलं."

"हौ."

"मशीननं खाल्लं म्हटलं होतं तुमी."

मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे. खोटं निभावायला लागतो तो दम आता उरलेला नाही. मी सगळं सांगितलं. बापूराव आला होता ते, तो काय म्हणाला ते, आणि मी तिला न विचारता काय केलं ते. प्रवीण किल्ली हातात धरून दारातच उभा राहिला. आपल्या वडिलांचं नाव मधे येईल असं त्याला वाटलं नसावं.

रुखमाने सगळं ऐकून घेतलं. रडेल, शिव्या देईल, काहीतरी करेल म्हणून मी थांबले. ती म्हणाली, "मी पोरीचा आवाज काढतो म्हणे तो?"

"तसंच म्हणाला."

"बाई, माहा तर आवाजच गेला होता. ती गेल्यापासून होळीपर्यंत तोंडातून शबुद नाई निघाला. पाणी मागाचं तर बोटानं मांगत होती. तुमच्या दाराशी आली थे आठवते का?"

मला तिचं वर उचललेलं बोट आठवलं.

"मंग हाजर कोण म्हणत होतं?" प्रवीणने विचारलं.

"कोण म्हणन?" रुखमा म्हणाली. जसं काही त्याने पाऊस कुठून पडतो असं विचारलं होतं. "बाई नाव घेत होत्या, तिनं हाजर म्हणावं. मी बसून ऐकत होती. तेवढंच होतं मले. आवाज बंद झाला अन् थेही बंद झालं. नावच ऐकू नाई आलं तर थे उत्तर कशाले देईन?"

मिलचा भोंगा वाजला.

"मंग मी नुसतं पायत होती," ती पुढे म्हणाली. "सात वर्षं. तुमचं तोंड हालाचं. करिष्मा म्हणताना शेवटच्या 'मा'ले ओठ मिटते बाई. मी थे ओठ मिटलेले पायची अन् टीव्ही बंद करायची. आता मले थेही दिसत नाई."

प्रवीण खाली बसला. "काकू, यात काही कठीण नाई. बाईचा जुना आवाज आहे ना व्हिडिओत, त्याच आवाजात कंप्युटर नाव बनवून देते. कोणाले समजणार नाई. उद्या लावून देतो."

"तिले समजन ना," रुखमा म्हणाली. "मशीननं हाक मारली तर काऊन येईन ती? बाई, तुमी घ्या नाव."

"माझा आवाज आता तो राहिला नाही, रुखमा. घोगरा झाला."

"मंग तिचं वय थोडी तेवढंच राह्यलं? आता एकतीसची आहे थे."

मी उठले आणि खाटेखालची पेटी ओढली. रजिस्टर तिथेच होतं, एक कोपरा वाळवीने खाल्लेला. पान सापडलं तसं मी ते नाव घ्यायला तोंड उघडलं. रुखमाने छत्री जमिनीवर आपटली.

"मधातून नोका घेऊ! पहिल्यापासून घ्या. चौथ्या नावाले उठून बसाची सवय आहे तिले. अन् दहा वाजू द्या."

पावणेदहा झाले होते. मी चहा ठेवला. तिघांनी प्यायला. प्रवीणने मोबाइल पाटावर उभा केला, म्हणाला, आवाज भरून ठेवतो, म्हणजे काकूंना रोज ऐकता येईल. मला भीती वाटत होती. काही ऐकू आलं तर, याची. आणि नाही आलं तर समोर बसलेल्या या बाईला मी काय सांगणार, याची त्याहून जास्त.

दहा वाजले. मी रजिस्टर मांडीवर घेतलं.

"कुलदीप." एक, दोन, तीन.

"दिव्यानी." एक, दोन, तीन. पेरं दुखत होती, तरी अंगठा आपोआप फिरत होता.

"धनराज."

"नंदिनी." रुखमाने पदर सारखा केला आणि ताठ बसली. तिने तोंड माझ्याकडून फिरवलं, खोलीच्या मधल्या मोकळ्या जागेकडे.

"करिष्मा."

एक. दूर मिल घरघरत होती. दोन. मी रुखमाच्या ओठांकडे पाहत होते, ती सात वर्षं माझ्या ओठांकडे पाहत होती तशी. ते घट्ट मिटलेले होते. तीन. मला काहीच ऐकू आलं नाही. शपथेवर सांगते, काहीच नाही. मी पुढचं नाव घेणार, एवढ्यात रुखमाने हात वर केला, थांबा. मी थांबले. किती वेळ ते मोजलं नाही. मग तिचा हात खाली आला आणि काहीतरी उतरल्यासारखा तिचा चेहरा सैल पडला.

"घ्या आता पुढचं," ती म्हणाली.

मी रोशनीचं घेतलं, मग राहिलेली दोन, आणि रजिस्टर मिटलं.

"झालं तुह्या मनासारखं?" मी विचारलं. खरं विचारायचं होतं ते विचारायची हिंमत झाली नाही.

"तुमाले नाई आलं ऐकू?"

"नाही ग."

प्रवीणने मोबाइल उचलला, "कसं आलं पाहू" म्हणून लावला आणि रुखमाच्या कानाशी धरला. माझा घोगरा आवाज खोलीत आला. चार नावं. मग करिष्मा. मग मिलची घरघर, नुसती घरघर, लांबच लांब. मी मान खाली घातली.

आणि त्या घरघरीतून, रोशनीच्या नावाच्या अगदी आधी, माझाच आवाज आला. हलका, बालवाडीतला.

"हं, बस बाळा."

प्रवीणने माझ्याकडे पाहिलं. "बाई, हे तुमी कवा म्हटलं?"

मी म्हटलं नव्हतं. म्हटलं असेल तर मला आठवत नाही.

रुखमाने चाचपत माझा हात शोधला आणि धरला. तिचा हात गरम होता.

"उद्या दहाले येतो मी," ती म्हणाली. "रजिस्टर वरच ठेवा."