जादाची थाप

नांदेडच्या स्पर्धेचा नियम क्रमांक नऊ धम्मानंदनं तीनदा मोठ्यानं वाचला. तिन्ही वेळा तो तोच निघाला.

"एका कलाकारास एकाच संघातून भाग घेता येईल."

टाकीखालच्या पंपघरात चार संघांचे चार प्रमुख बसले होते. भजनी मंडळाच्या साखराबाई, भीमगीतांचा धम्मानंद, कव्वालीचे चाँदपाशा आणि तेलुगू कोलाटमचा, म्हणजे टिपऱ्यांच्या नाचाचा, नरसिंग. चौघांचा ढोलकवाला एकच होता, आणि तो पंपाला वंगण देत होता.

मलप्पा इथला पंप ऑपरेटर. देगलूरला पाणी सोडायचं आणि ज्याचा कार्यक्रम असेल त्याच्याकडं ढोलक घेऊन जायचं, ही त्याची बत्तीस वर्षांची दोन कामं. घरची भाषा कानडी, बायको रत्नम्मा तेलुगू. भांडण मराठीत, कारण ती दोघांनाही सारखीच परकी म्हणून त्यात कुणावर अन्याय नाही. वाजवताना त्याची एक खोड होती. गाणं संपलं की तो एक थाप जादाची मारायचा. जुन्या पंपाचा स्टार्टर बंद केल्यावर त्याच्या डब्यावर एक बुक्की मारावी लागे, त्याशिवाय तो बंद झाल्याची खात्री नसे. हाताला सवय लागली ती लागलीच. देगलूरचं कुठलंही गाणं बाकी जगापेक्षा एक थाप उशिरा संपतं.

"काका, तुम्हीच सांगा. कुणाकडून बसता?" धम्मानंदनं विचारलं.

"मला पुसू नको बाबा. एकाकडून बसलो तर बाकी तिघांच्या गल्लीत पाणी सोडायला कोणत्या तोंडानं जाऊ?"

"नाव बदलको चारों तरफ बैठो ना मामू," चाँदपाशा म्हणाले. "नांदेडमें कौन पैचानता तुमना?"

"देवाच्या गाण्यात खोटं?" साखराबाईंनी कानाला हात लावला. मग दहा सेकंद विचार करून म्हणाल्या, "आमच्या मालकाचं नाव लावा. शेषेराव. तसं बी ते घरात कुठं वापरात हाय?"

मलप्पानं हात पुसले. "एक अडचण हाय. अवंदा रत्नम्मा येऊन राहिली."

बत्तीस वर्षं चारही संघ माईकवरून 'आणि साथीला आमचे मित्र' एवढंच म्हणत आले होते. मित्राला नाव असतं, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. या वेळी फॉर्मवर प्रत्येक कलाकाराचं पूर्ण नाव लिहायचं होतं आणि ते पुकारलं जाणार होतं. ते ऐकायला रत्नम्मा पहिल्यांदाच कार्यक्रमाला निघाली होती. मलप्पानंच तिला तसं कबूल केलं होतं.

"मग राहू द्या काका," धम्मानंद म्हणाला. "आमच्यात खरं नाव लावा. बाकीच्यांचं बघू."

"बघू म्हंजे कसं? ढोलकाबिगर नाचतील व्हय टिपऱ्या?" मलप्पानं वंगणाचा डबा बंद केला आणि त्यावर एक बुक्की मारली. "लिवा चार नावं, चारी दुसऱ्याची. एकाला माझं दिलं तर बाकीचे तिघं रुसतील. तिला मी सांगतो."

सांगितलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी चारही संघ एकाच टेम्पोतून नांदेडला आले. स्पर्धेचं नाव लोककला एकता स्पर्धा होतं आणि जिंकणाऱ्या संघाला लातूरला जायला मिळणार होतं. रत्नम्मा हिरवं इरकल नेसून पहिल्या रांगेत बसली, पर्स मांडीवर धरून.

भजनाला मलप्पा फेटा बांधून आला. 'ढोलक, शेषेराव' असं पुकारल्यावर आठव्या रांगेतले खरे शेषेराव अर्धे उठले. मंचावरून साखराबाईंनी टाळ रोखून पाहिलं तसे बसले. भीमगीताला गळ्यात निळा रुमाल, नाव दुसरं. कव्वालीला पांढरी टोपी, नाव तिसरं. कोलाटमला जरीचं उपरणं आणि काळा गॉगल, नाव चौथं. गॉगलचा कोलाटमशी काय संबंध, हे नरसिंगलाही माहीत नव्हतं. प्रत्येक नावाला रत्नम्मा पर्सवरची पकड घट्ट करायची आणि इकडं तिकडं बघायची.

प्रत्येक गाणं एक थाप उशिरा संपलं.

निकालाला परीक्षक सर उठले. चष्म्याच्या काचा पुसण्यात त्यांनी बराच वेळ घेतला, कारण ते भारावले होते. "देगलूरकरांच्या भाषा तीन, गाणी चार," ते म्हणाले, "पण शेवटी ती एक जादाची थाप चारींतही आहे! ही या सीमाभागाची शेकडो वर्षांची परंपरा असली पाहिजे. मी यावर निबंध वाचणार आहे. चारही ढोलकवादकांनी मंचावर यावं आणि ती थाप एकत्र वाजवून दाखवावी."

सभागृहात कुणी हललं नाही. शेषेराव पुन्हा अर्धे उठले. या वेळी धम्मानंदनं त्यांचा शर्ट धरून खाली बसवलं.

मलप्पानं धम्मानंदकडं पाहिलं.

"जावा काका. लातूर कुठं पळून चाललंय?"

साखराबाईंनी मान हलवली. चाँदपाशांनी आणि नरसिंगनंही. मलप्पा ढोलक आणि एक पिशवी घेऊन वर गेला. खाली बसून त्यानं पिशवीतून फेटा, रुमाल, टोपी आणि उपरणं काढलं आणि ओळीनं समोर मांडलं. उपरण्यावर गॉगल ठेवला.

"साहेब," तो म्हणाला, "आलो आम्ही."

सरांनी चारही वस्तूंकडं पाहिलं. मग नियमांचं पुस्तक पाहिलं. मग बराच वेळ, जाणाऱ्या बसकडं बघावं तसं, हातातल्या निबंधाच्या टिपणांकडं पाहिलं.

"तुमचं खरं नाव?"

मलप्पानं सांगितलं. सरांचा चेहरा पडला होता, पण नियम तो नियम. त्यांनी माईक ओढून घेतला.

"संघ क्रमांक तीन बाद. कारण, मलप्पा सिद्रामप्पा कुंभारगे."

पहिल्या रांगेतून टाळी आली. एकटीच, पण कडक. रत्नम्मा उभी राहिली होती.

"संघ क्रमांक सात बाद. कारण, मलप्पा सिद्रामप्पा कुंभारगे."

या वेळी साखराबाईंनीही वाजवली. त्यांचा संघ तीन होता, तो आधीच बाद झाला होता, त्यामुळं हात मोकळे होते. अकरा बाद झाला तेव्हा कव्वालीवाले उभे होते आणि चौदाला सगळं सभागृह. बाद झालेल्या संघांना इतक्या टाळ्या का, हे शेजारच्या तालुक्याच्या संघाला कळेना. तो पहिला आला होता आणि त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं.

मलप्पा खाली उतरला. रत्नम्मानं पर्समधून रुमाल काढून त्याच्या कपाळावरची फेट्याची खूण पुसली.

"एमंडी, अहो," ती म्हणाली, "चार येळा बोलले. वडिलांचं नाव बी घेऊन."

"बाद म्हणून बोलले गं."

"पहिल्याच थापंला कळलं हुतं मला तुमचा हात कुठला ते. फेटा बांधून काय लपतंय व्हय? नाव पायजे हुतं. झालं."

मागं सरांनी माईक बंद केला. तो नीट बंद झाला नाही, कुईं करत राहिला. मलप्पा दोन पायऱ्या चढून परत वर गेला आणि माईकच्या डब्यावर एक बुक्की मारली.

मग सगळं शांत झालं.