नाक्यावरचा भित्रा

मित्रांनो, मी एक जुना भित्रा आहे. तुम्ही पालीला भिता, अंधाराला भिता, गणिताच्या बाईंना भिता. पण त्याबद्दल तुम्हाला कुणी नोकरी देत नाही. मला मात्र खास भिण्यासाठीच बनवलं.

दिसायला मी विटेएवढा पिवळा डबा. वर मूठ, तोंडावर काटा, पोटात एक हवाबंद नळी. डोळ्यांना न दिसणारे, हाताला न लागणारे, पण माणसाला आतून जाळणारे किरण जवळपास असले की मी टिकटिकतो. जितके किरण जास्त, तितकी माझी बोबडी वळते. कारखान्यात एका स्थिर हाताच्या बाईने मला जोडलं. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा मी स्वतःच्याच आवाजाला इतका दचकलो की टेबलावरून खाली पडलो. खोटं वाटत असेल तर माझ्या कोपऱ्याचा पोचा बघा. ती बाई हसून म्हणाली, "हा छान भिणार!" माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

माझी नेमणूक एका पुलाच्या नाक्यावर झाली. अलीकडे गोदामं, पलीकडे शहर. नाक्यावर ट्रक तपासायला एक बाई होती. सगळे तिला मावशी म्हणत. तिने माझा पट्टा गळ्यात अडकवला आणि मला नाव दिलं रडक्या. प्रत्येक ट्रकच्या शेपटापासून तोंडापर्यंत ती एकाच चालीने चालायची, अंगण झाडत निघाल्यासारखी, आणि मला ट्रकच्या अंगाजवळ धरायची. माझे सगळे सूर तिला पाठ झाले. केळ्यांच्या ट्रकजवळ मी नुसता कण्हायचो. फरश्यांच्या आणि बेसिनच्या ट्रकजवळ पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग मुसमुसायचो, कारण मातीत हे किरण जन्मतःच थोडे असतात, केळ्यांत त्याहून कमी. त्यांनी कुणाचं काही बिघडत नाही. एकदा मी सायकलवरच्या एका आजोबांना बघून किंचाळलो. त्यांनी आदल्या दिवशी दवाखान्यात गळ्याच्या दुखण्यावर असेच किरण असलेलं औषध घेतलं होतं. आजोबा हात जोडून म्हणाले, "बाई, मी फक्त साखर चोरून खातो. बाकी काही केलं नाही हो!"

पण माझी खरी भीती साखरेची नव्हती. मोठ्या दवाखान्यांत कर्करोगाच्या गाठी जाळणारी यंत्रं असतात. त्यांच्या पोटात, शिशाच्या जाड भांड्यात, हेच किरण सोडणारी चिमूटभर भयंकर वस्तू असते. कुणी ती चोरून दारूगोळ्याला बांधली आणि भर गर्दीत उडवली, तर शहर कोसळणार नाही, पण तिची धूळ अंगणात, पाण्यात, मुलांच्या केसांत बसेल. माणसं घरं सोडून जातील आणि वर्षानुवर्षं परत येणार नाहीत. हे होऊ नये म्हणून कितीतरी देशांचे लोक एकत्र बसले. त्यांनी ठरवलं की अशा प्रत्येक वस्तूची यादी ठेवायची, तिच्या कुलपाच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे द्यायच्या, आणि नाक्यावर घंटा वाजली की कारण कितीही ठाऊक असलं तरी हातातलं यंत्र घेऊन गाडीला फेरी मारायचीच. जगात इतके भित्रे आहेत हे ऐकून मला फार धीर आला.

मग नाक्यावर दोन उंच खांब आले. ट्रक त्यांच्यामधून गेला की घंटा आपोआप वाजायची. मला कुणी विचारेना. मी पान्ह्यांच्या खोक्यात पडून राहिलो. खांबांना मात्र भिण्यातलं काही कळत नव्हतं. फरश्यांचा ट्रक आला की घंटा, बेसिनचा आला की घंटा. दिवसाला वीस घंटा! नाक्याचे साहेब वयाने लहान आणि स्वभावाने घाईचे. त्यांनी एक शिक्का करून घेतला: 'नेहमीचं'. घंटा वाजली की कागदावर शिक्का मारायचे, आणि रस्त्यावरचा आडवा दांडा वर.

मावशी तेवढी ऐकायची नाही. फरश्यांचा ट्रक आला की मला खोक्यातून काढायची आणि फेरी मारायची. साहेब म्हणायचे, "मावशी, त्या ट्रकला प्रदक्षिणा घालून तुम्हाला काय पुण्य मिळतं?" मावशी म्हणायची, "तेवढेच पाय मोकळे होतात, साहेब."

एके दिवशी भिंतीवर एक कागद लागला. दूरच्या एका बंद पडलेल्या दवाखान्यातून शिशाचं भांडं चोरीला गेलं होतं. भोपळ्याएवढं, राखाडी. खाली चित्रही होतं. ते बघून मावशीने माझ्यात नवे सेल घातले. पुलापलीकडच्या बाजारात तिच्या लेकीचं शिलाईचं दुकान होतं, आणि शाळा सुटली की नात तिथेच कापडाच्या ढिगावर बसून अभ्यास करायची.

अठरा दिवसांनी, भर सकाळी, बेसिनचा एक ट्रक आला. बाजाराचा दिवस होता. घंटा वाजली. साहेबांनी शिक्का उचलला.

"थांबा, पाय मोकळे करून येते," मावशी म्हणाली.

ती शेपटाकडून निघाली. मी नेहमीसारखा मुसमुसायला लागलो. चार पावलं, पाच पावलं, आणि मधोमध आल्यावर माझं रडणं थांबलं. रडता रडता कुणी हुंदका गिळावा तसं. दोन पावलांनंतर ते पुन्हा सुरू झालं.

मावशी उभी राहिली. तिने वाकून माझा काटा बघितला.

साहेब खिडकीतून म्हणाले, "डबा मेला तुमचा! सेल गेले असतील."

"सेल गेले असते तर पुढे कसा रडला असता?"

ती परत शेपटाकडे गेली आणि पुन्हा चालली. त्याच जागी मी पुन्हा गप्प झालो. मित्रांनो, मी आयुष्यभर आवाजाला भ्यालो, पण त्या दिवशीच्या माझ्या गप्प होण्याला जेवढा भ्यालो तेवढा कशालाच नाही. शिसं आतले किरण बाहेर येऊ देत नाही, तसंच पलीकडच्या मातीचे किरण माझ्यापर्यंत पोचू देत नाही. बेसिनच्या ढिगात काहीतरी मला आंधळा करत होतं.

ड्रायव्हर बिचारा विडीची राख झटकत बसला होता. त्याला कशाचाच पत्ता नव्हता. त्याच्या शेजारचा माणूस मात्र खाली उतरला. गोड हसला. त्याचा उजवा हात खिशातच होता.

"काय मावशी, एवढं काय ऐकताय? मातीच आहे ती. सगळ्याच नाक्यांवर वाजते."

त्याला ते माहीत होतं, हेच भयंकर होतं. आमच्या शिक्क्याच्या भरवशावर तो इथवर आला होता.

मावशीच्या छातीत इतकं धडधडत होतं की मला वाटलं, ही धडधडच मी मोजतोय. तरी ती तोंडभर हसली. "मातीच रे बाबा! पण आमच्या साहेबांची शाई वाळलीये. शिक्का उठत नाही. जरा सावलीत बस."

शाई चांगली ओलीचिंब होती. साहेबांनी मावशीच्या तोंडाकडे बघितलं, भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं, आणि हातातला शिक्का खाली ठेवला. त्या एका क्षणात तो घाईचा माणूस शहाणा झाला. "हो ना, कटकट आहे नुसती," असं म्हणत त्यांनी टेबलाखालचं बटण दाबलं.

पोलीस यायला अकरा मिनिटं लागली. अकरा मिनिटं मावशी त्या माणसाशी नातीच्या दाताबद्दल बोलत होती. दात एकच पडला होता, पण मावशीने तो तीनदा पाडला.

पोलिसांनी त्या माणसाचा हात धरला तेव्हा त्याच्या खिशात बाजाराचा नकाशा निघाला. पूल रिकामा केला. जाड पोशाखातली माणसं आली. बेसिनच्या बरोबर मधल्या खोक्यात भोपळ्याएवढं राखाडी भांडं होतं. मावशी तोवर पायरीवर मटकन बसली होती, आणि तिचे दात माझ्यापेक्षा जोरात वाजत होते.

पुढे मोठे पाहुणे आले. त्यांनी खांबांना हार घातले आणि खांबांबरोबरच फोटो काढले. साहेबांनी मात्र तो शिक्का मावशीसमोर हातोडीने फोडला.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. साहेबांची बदली झाली, मावशी घरी बसली. मी कपाटात आहे. सेल फुटून माझ्या पोटात हिरवं पाणी साचलंय. काल बाहेर घंटा वाजली. नव्या साहेबांना कुणीतरी विचारलं, "काय आहे?" आणि मी तो शब्द पुन्हा ऐकला:

"काही नाही, नेहमीचं."

शिक्का पुन्हा आला नव्हता, पण शब्द परत आला होता. दांडा वर गेल्याचा आवाज आला.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठं होऊन एखाद्या नाक्यावर बसेल. तेव्हा एवढंच करा. कपाट उघडा, माझं पोट पुसा, दोन सेल घाला आणि मला घेऊन शेपटापासून तोंडापर्यंत सावकाश चाला. मी रडलो तर ऐका. आणि रडता रडता गप्प झालो, तर दांडा मुळीच वर करू नका.