तानुबाईची भिंत

"हळू दाब की. खैरनारची मान नाय ती," शेजारची सिंधुबाई म्हणाली.

माझ्या अंगठ्याखाली आघाड्याचा तुरा होता आणि तुऱ्याखाली ओली माती. तुरा पार आरपार गेला होता. मी गोळा मोडला आणि पुन्हा थापायला घेतला. एवढा राग तेव्हा माझ्या अंगात होता. आजही आहे. जावा अशी माझी इच्छाही नाही.

तानुबाई म्हणजे माझी सासू, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. सातपूरला आमची कॉलनी आणि बंगल्यांची सोसायटी, यांच्या मधे मोकळा प्लॉट होता. पावसाळ्यात तिथे पाथरी, घोळ, केना, टाकळा, काय वाट्टेल ते माजायचं. बंगलेवाल्यांच्या लेखी तो कचरा होता. आमच्या आत्याबाईंचा सगळा भाजीचा धंदा त्याच्यावर चालायचा. सकाळी उठून खुडायला जायच्या, सोबत भाकरी बांधून न्यायच्या आणि तिथेच दगडावर बसून ताज्या पाथरीशी खायच्या. मग टोपली घेऊन कॉलनीभर फिरायच्या. जे स्वतः खाल्लं नाही ते दुसऱ्याला विकायचं नाही, हा त्यांचा हट्टच होता.

२००३ सालच्या पावसाळ्यात सोसायटीचे चेअरमन खैरनार यांनी कुणाला न सांगता प्लॉटवर तणनाशक मारलं. पानं ओली दिसली, ती आत्याबाईंना रात्रीच्या भुरभुरीने भिजलेली वाटली. भाकरी खाल्ली आणि तिथेच ओकायला लागल्या. टोपली तशीच राहिली, म्हणून कॉलनी वाचली. त्यांचं मात्र तोंड सोललं, मग दम लागायला लागला, आणि आठवड्याच्या आत त्या सरकारी दवाखान्यात वारल्या. शेवटी त्यांना पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं.

खैरनारने पोलिसांना सांगितलं की सोसायटीने काहीच फवारलेलं नाही. माझा नवरा गेटवर विचारायला गेला, तर त्याला म्हणाला, "कचरा खाणाऱ्यांना काय होईल, त्याला आम्ही काय करणार?" नवरा खाली मान घालून घरी आला. मी घालणार नव्हते. आज ना उद्या चारचौघांत याच्या तोंडून खरं वदवून घेईन, असं मी मनाशी पक्कं केलं.

पुढच्या वर्षी सोसायटीने प्लॉटला भिंत घातली. आमच्या बाजूने ती आत्याबाईंच्या नावाच्या फरशांनी मढवायची, असं मी ठरवलं. मी कप-बशांच्या कारखान्यात कामाला. कॉलनीतल्या बायकांना म्हटलं, आत्याबाईंच्या हातची जी भाजी तुम्ही खाल्ली, तिचा एकेक पाला घेऊन या. कारखान्यातल्या सहादूभाऊंनी टाकाऊ माती दिली, भट्टीत कोपरा दिला. ओल्या फरशीत पाला दाबायचा आणि तसाच भाजायचा. पाला जळून जातो, शिरन् शीर उमटलेली राहते. सुलाबाईने केना आणला, कुसाबाईने टाकळा. खाली खिळ्याने नाव कोरायचं. कुणाचा तरी कुर्डू उलटा उमटला, तो तसाच लावला.

भिंत अशी काही नटली की पेपरात फोटो आला. लगेच खैरनार हसत हजर. भिंत सोसायटीची, तेव्हा फीत आपणच कापणार म्हणाला. बायका खवळल्या. मी म्हटलं, येऊ दे त्याला. आणि त्याला इतकं गोड बोलले की सिंधुबाईने मला चिमटा काढला.

कार्यक्रमाला मांडव, माइक, चहा, सगळं होतं. या रानभाज्या म्हणजे आपला ठेवा, त्या जपल्या पाहिजेत, असं खैरनार माइकवर बराच वेळ बोलला. पाथरी प्लॉटमध्ये पुन्हा उगवली होती, निर्लज्जासारखी. सकाळीच आत शिरून मी ती खुडून, धुऊन ठेवली होती. भाषण संपलं तसं ताट त्याच्यासमोर धरलं.

"साहेब, तुमच्याच प्लॉटमधली आहे. आमच्या आत्याबाईंच्या नावानं एक पान घ्या."

त्याने हात पुढे केला. तो मधेच थांबला. चेहरा उतरला. माझ्याकडे वाकून, हातात माइक चालू आहे हे विसरून, त्याने हळूच विचारलं, "यावर यंदा मारलं नाहीये ना?"

कॉलनीच्या शेवटच्या घरापर्यंत ते ऐकू गेलं.

"म्हणजे गेल्या वर्षी मारलं होतं," मी म्हणाले.

खैरनारने माइक खुर्चीत टाकला आणि फीत न कापताच चालू पडला. नवऱ्याने त्याची वाट अडवली नाही, नुसता त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, काळीज थंड झालं. त्याची घाबरलेली नजर मी अजूनही अधूनमधून आठवते, आणि दर वेळी तितकंच बरं वाटतं.

फीत बायकांनीच तोडली. जो तो फरशांवरून हात फिरवत होता, हा माझा केना, हा तुझा टाकळा, असं पोरांना दाखवत होता. ताट माझ्या हातातच होतं. म्हटलं, घ्या गं, ताजी आहे.

सुलाबाईला उपास आठवला. कुसाबाईने घरी भाजी झालीय म्हणून सांगितलं. सिंधुबाई पदराला हात पुसत माझ्याकडे बघत राहिली. मग सगळ्याच बघायला लागल्या.

मी एक पान उचललं. ओठांपर्यंत नेलं. आणि परत ताटात ठेवलं.