टाकीखालचा साबण

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. आता मी एका नर्सबाईंकडे असते, पण त्याआधी चौदा वर्षे मी त्यांच्या मोठ्या भावाची होते.

त्याने मला दुकानातून कोरी करकरीत घरी आणले. तो घरोघरी जाऊन पंखे दुरुस्त करायचा. माझ्या पाठीवर हत्यारांची पिशवी आणि कधी कधी एखादा अख्खा पंखाही असे. "हिने मला कधी रस्त्यात सोडलं नाही," असे तो चारचौघांत सांगायचा. ते ऐकून मला धन्य वाटायचे.

मग माझ्या टाकीखालच्या पेट्रोलच्या कॉकमधून थेंब गळू लागले. आतला रबरी वायसर वाळून कडक झाला होता. त्याने बोटाने थेंब पुसला, वास घेतला आणि अंगाचा साबण मळून फटीत दाबला. दर आठ-दहा दिवसांनी तो नवा साबण लावी. 'उद्या नेईल मेकॅनिककडे,' अशी मी माझी समजूत घालत राहिले.

एके दिवशी दारात नवी गाडी आली. त्याने मला धुतले, पुसले, ताजा साबण लावला आणि बहिणीच्या दारात उभे केले. "रुग्णांकडे पायपीट करतेस ना? ही घे. एकदम ठणठणीत आहे."

बहिणीचे डोळे भरून आले. शेजारी म्हणाले, "भाऊ असावा तर असा!" तो नुसता हसला. माझे दुखणे त्या दारात फक्त त्याला आणि मला ठाऊक होते, आणि माझ्या तोंडाला वाचा नव्हती.

बहीण मला स्वयंपाकघराला लागून असलेल्या बोळात ठेवायची. पाचव्या दिवशी सकाळी साबणाला तडा गेला. पेट्रोल फरशीवरून उंबऱ्याकडे सरकले. आत तिचे सासरे चहासाठी शेगडीजवळ गेले होते.

"बाबा, काडी ओढू नका!" वास येताच बहीण ओरडली. "दिव्याच्या बटणालाही हात नको. आधी बाहेर या!"

म्हातारबाबा काडेपेटी हातात तशीच धरून अंगणात आले. तिने कॉक बंद केला, मला ढकलत मोकळ्यावर आणले, दारेखिडक्या सताड उघडल्या आणि ओल्या फरशीवर माती पसरली. मग वाकून माझ्या पोटाखाली पाहिले. तिच्या बोटाला पांढरा चिकट गोळा लागला.

तिने भावाला फोन लावला. "दादा, हा साबण कुणी लावला?"

"अगं... थोडंसंच गळत होतं. सांगणारच होतो तुला."

"कधी? घर पेटल्यावर?"

तिने फोन ठेवला. लगेच मेकॅनिकला बोलावले.

मेकॅनिक अंगणातच आला. त्याने टाकी रिकामी केली, कॉक उघडला आणि करंगळीच्या नखाएवढा वायसर बाहेर काढला. "ताई, हे बदलायला कपभर चहा निवेल एवढाच वेळ लागतो," तो म्हणाला. मित्रांनो, चौदा वर्षांच्या सोबतीनंतर मला तेवढाही वेळ मिळाला नव्हता!

दोन दिवसांनी भाऊ आला. सवयीने त्याने माझ्या टाकीवर हात ठेवला. पूर्वी त्या स्पर्शाने माझा शीण जायचा. आज मला तो नकोसा झाला.

"चुकलो गं," तो पुटपुटला.

"मला नको सांगूस," बहीण म्हणाली. "आत बाबा बसलेत. त्यांना सांग."

तो मान खाली घालून आत गेला.

मित्रांनो, जुन्या यंत्राला दुखणे जडणारच, त्यात लाज नाही. पेट्रोलचा वास आला की ठिणगी दूर ठेवा आणि त्याच दिवशी दुरुस्ती करा. आणि आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना तिचे गुण एक वेळ सांगू नका. तिचे दुखणे मात्र सांगा. आम्हांला ते सांगता येत नाही.