वारुळाशेजारची विहीर

मी टिकाव बोलतोय. गोड बोलणं मला जमत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जन्म माझा खणण्यासाठी झाला. जमिनीला गोड बोलून ती उघडत नाही. मला दोन तोंडं आहेत, एक टोकदार आणि एक चपटं. पण माणसांची असतात तसली नव्हेत ती. माझी दोन्ही एकच बोलतात.

हुलसूरच्या एका लोहारानं मोडक्या बैलगाडीच्या लोखंडी आसातून मला घडवलं. भट्टीत घालून लाल केलं, ठोकलं, पुन्हा लाल केलं आणि शेवटी पाण्यात बुडवलं. तेव्हा मी असा काही फिसकारलो की लोहाराची बायको म्हणाली, "हे जन्मताच भांडखोर हाय बघा." बाई खरं बोलली.

पुढं मी बीदरच्या दगडखाणीत आलो. तिथला जांभा दगड मोठा गमतीचा. जमिनीत असतो तोवर मऊ, वारा लागला की टणक. माणसं उलटी. वाऱ्यावर हिंडणारं माणूस मऊ असतं, आपल्याच घरात बसून राहिलेलं टणक होतं. खाणीचा मुकादम म्हातारा होता. निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत तो लेकाकडं हैदराबादेला निघाला आणि जाताना मला त्याच्या हाताखालच्या अमृतप्पाला देऊन गेला.

हा अमृतप्पा ख्रिस्ती. दिवसा दगड काढायचा आणि सांजेला वस्तीतल्या लोकांना जमवून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायचा. मिशनच्या शाळेत चार अक्षरं शिकलेला. वस्ती मैलूर गावापलीकडं, माळावर. मूठभर घरं आणि कुडाचं एक प्रार्थनाघर, बस्स.

त्या माळावर पाणी नव्हतं. बायका घागरी घेऊन गावच्या विहिरीवर जायच्या. पण विहिरीला हात लावायचा नाही. आडोशाला उभं राहायचं आणि कुणाला दया आली तर ती वरून ओतणार. देव बदलला तरी गावानं जात बदलून दिली नव्हती. अमृतप्पाची आई नागम्मा घागर घेऊन उभी राहून राहून गुडघ्यांनी अधू झाली. तेव्हा अमृतप्पानं सगळ्यांसमोर सांगितलं, "ह्या उन्हाळ्याच्या आत आपली विहीर हुईल. न्हाई झाली तर मी पुस्तक उघडणार न्हाई."

असं बोलू नये माणसानं. पण बोलला. लोकही बोलले, की पाणी लागलं नाही तर आम्ही आपली घरं उचलून परत गावाला लागून राहायला जाऊ. म्हणजे विहीर नाही झाली तर वस्तीच राहणार नव्हती.

आता खणायचं कुठं? अमृतप्पानं प्रार्थना केली आणि प्रार्थनाघराच्या दारासमोरच चुन्यानं गोल आखला. "देवाच्या दारात पाणी लागणार न्हाई तर कुठं लागंल?" असं तो म्हणाला. सगळ्यांना पटलं. मला कुणी विचारलं नाही.

उताराच्या पायथ्याशी एक मोठं वारूळ होतं. भोवती हरळी, ती माघ-फाल्गुनातही हिरवीगार. पण त्या बाजूला वस्तीतलं कुणी बघतसुद्धा नसे. नागपंचमीला गावातल्या बायका तिथं दूध घालायच्या ना, म्हणून. आधी हेही लोक तिथं नारळ फोडत होते. ते सोडून आले, तर आता पोरांनी तिकडं नुसतं पाहिलं तरी आया चिमटा काढायच्या. खणायला जागा शोधताना अमृतप्पा सगळा माळ फिरला, तेवढी एक बाजू सोडून.

मग सुरू झालं आमचं काम. मी वर जायचो, खाली यायचो. तांबडा जांभा निघत होता, कोरडा ठणठणीत. नुसता भुगा उडायचा. खाली खाली गेलो तसा काळा पाषाण लागला. त्यावर माझ्या टोकातून ठिणग्या उडू लागल्या. अमृतप्पा घाव घालताना पुटपुटायचा. शास्त्रात रानातल्या एका म्हाताऱ्यानं काठी मारली आणि खडकातून पाणी आलं, ते त्याच्या डोक्यात बसलेलं. मी काही ती काठी नव्हतो. हे मी त्याला सांगत होतो, ठण् ठण् करून. ऐकतो कोण?

एक दिवस वरून आवाज आला. शेजारच्या मळ्याचा मालक ईरण्णा बांधावर उभा होता. लिंगायत, बोलायला तिखट, मनानं बरा.

"अमृतप्पा, किती खोल चाललास रे? तुझा देव काय पाताळात राहतोय?"

"पाणी लागंना अण्णा."

"कसं लागंल? आमच्या अप्पानं वारूळ बघून विहीर पाडली. ओल असल्याबिगर मुंगी घर बांधंना. तुला हे ठाऊक न्हाई व्हय?"

अमृतप्पानं नुसता घाव घातला. ईरण्णा हसला. "का तुझ्या देवाला वारुळाचं भ्या वाटतंय?"

तो गेला. अमृतप्पानं वर येऊन मला खाली टाकलं आणि मातीच्या ढिगावर बसला. नागम्मा त्याची भाकर घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"अमृत, आज सकाळी काय वाचलास रे?"

"आभाळ देवाचं काम सांगतंय, म्हणून वाचलो."

"आभाळ सांगतंय. मग वारूळ कामून गप बसंल? त्याला काय सैतानानं केलंय?"

"अव्वा, लोक त्याला पुजतेत. आपण ते सोडून आलो की."

"पुजायचं सोडलो लेकरा. डोळं बी सोडलो का?"

अमृतप्पाच्या हातातली भाकर तशीच राहिली. मी ढिगाला टेकून पडलो होतो, त्याचं तोंड मला स्पष्ट दिसत होतं. ते रागाचं नव्हतं. आपलंच घर उजेडात पहिल्यांदा बघितलेल्या माणसासारखं ते दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं वस्तीला गोळा केलं. कुरकुर झालीच. सिद्धम्मा म्हणाली, "म्हंजे परत नागोबाच्या दारी? मग कशाला बाप्तिस्मा घेतलो आमी?" अमृतप्पा म्हणाला, "दारी न्हाई सिद्धम्मा. नागोबापाशी मागणार न्हाई. ज्यानं मुंगीला ओल हुडकायची अक्कल दिली त्याच्यापाशी मागणार. मुंगीची अक्कल घेतली तर पाप लागत न्हाई." चार तरणे उठले. बाकीचे बसून राहिले, पण ओरडले नाहीत.

ईरण्णा धावतच आला. "वारुळाला धक्का लागला तर गाव पेटंल बघ!"

"लावत न्हाई अण्णा. मुंग्यांचंबी घर देवानंच बांधून दिलंय. आमी बाजूला खणतो."

आणि खरंच बऱ्याच अंतरावर गोल आखला. ईरण्णा बांधावर बसून पाहू लागला. जायचं नाव काढीना.

इथला जांभा वेगळा होता. माझं टोक आत जायचं ते ठण् न करता, भप् करून. मग दांडा गार लागू लागला. एका दुपारी अमृतप्पानं मला बाहेर ओढलं तर माझ्या तोंडाला ओली पांढरी चिकणमाती चिकटलेली. त्यानं ती नखानं काढली आणि नाकाशी नेली. खणणं थांबवून सगळे खाली बघत उभे राहिले.

पाणी उसळलं वगैरे नाही. शास्त्रातल्यासारखं तर मुळीच नाही. माणसाला घाम येतो तसं भिंतीतून आलं, हळूहळू, आणि तळाशी जमलं. आधी ताटाएवढं, मग परातीएवढं. अमृतप्पा त्यात गुडघे टेकून बसला. डोक्याला, तोंडाला, छातीला पाणी लावत राहिला. रडत होता की धूत होता, सांगता यायचं नाही.

वरून नागम्मा ओरडली, "लई सावकाश येतंय रे!"

"येतंय न्हवं अव्वा!"

"व्हय व्हय. आपल्याकडं भांडी थोडी, हे त्येला ठाऊक हाय."

सगळी वस्ती हसली. ईरण्णाही हसला. नागम्मा लंगडत वारुळाकडं वळली आणि सवयीनं हात जोडून वाकली. अमृतप्पा चिखलानं माखलेला वर येत होता, त्यानं ते पाहिलं.

"अव्वा! आता त्याला कशाला?"

"हात गेला रे. जुना हाय हात." तिनं हात मागं घेतले. "पर दावलं तर त्यानंच न्हवं?"

"दावलं. दिलं न्हाई. मैलाचा दगड बीदर कुठं हाय ते सांगतोय. म्हणून तू दगडापाशीच पथारी टाकलीस तर जेवण मिळंल का? देणारा कोण आन् कसा, ते पुस्तकात कळतंय."

नागम्मा म्हणाली, "आन् दगडच नसता तर पुस्तक काखंत मारून तू हैदराबादेला पोचला असतास, माझ्या राजा."

मला वाटतं, मायलेक दोघंही बरोबर होती, आणि एकेकटी अर्धीच होती. मी लोखंड आहे, मला शास्त्र कळत नाही. पण एवढं मी कानांनी ऐकलं.

त्या रात्री कुणाचं घर उठलं नाही. त्यानंतरही नाही.

विहीर बांधून झाली तोवर माझं टोक पार झिजलं होतं. दांडा मोडला, नवा कुणी घातला नाही. काही पावसाळे मी कुडाच्या सांदीत गंजत पडलो. कामाचा असताना माणसं खांद्यावर घेतात, काम संपलं की पायानं सरकवतात. मी तक्रार करत नाही. करतोय, तर करू द्या.

मग प्रार्थनाघराला घंटा हवी झाली. घंटा आणणार कुठून? अमृतप्पानं मला शोधलं, गंज घासला आणि तारेनं लिंबाच्या फांदीला बांधलं. आता रविवारी सकाळी कुणीतरी सळईनं मला बडवतं आणि लोक जमतात. परवा कुणी म्हणालं, आपलं हैदराबाद राज्य मोडलं, बीदर म्हैसुरात गेलं. असेल. ह्या फांदीवरून तेवढं लांबचं दिसत नाही.

माझा आवाज घंटेसारखा गोड नाही, कर्कश आहे. तेवढा सहन करा. ऐकू आला की या. पण खाली माना घालून, धापा टाकत येऊ नका. वाटेत आभाळ आहे, माती आहे, किडामुंगी आहे. थांबावंसं वाटलं तर थांबा. उशीर झाला म्हणून अमृतप्पा रागावलाच, तर सांगा त्याला, की आम्ही बाहेरचं वाचत होतो, आता आतलं ऐकायला आलो.